केंदूरच्या माळावरचा समुद्र

माझे सासरे केंदूरच्या माळावर समुद्र खणू लागले, याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

त्या काळी मी दौंडला शाळामास्तर होतो आणि फावल्या वेळात विलायती विज्ञानकादंबऱ्या मुलांसाठी सोप्या करीत असे. सोप्या करणे म्हणजे चारशे पानांची चौसष्ट करणे. प्रकाशकांची सूचना होती, ‘आकडे गाळा, मुले कंटाळतात.’ त्या हिवाळ्यात हातात घेतलेल्या गोष्टीत काही प्रवासी जमिनीच्या पोटात उतरतात; तिथे त्यांना अथांग समुद्र सापडतो आणि त्यात राक्षसी जनावरे झुंजताना दिसतात. तो समुद्र किती मैल खाली, हे मी आज्ञाधारकपणे गाळले. जनावरे तेवढी ठेवली. (जनावरांना मुले कंटाळत नाहीत!)

एका रविवारी हे हस्तलिखित मी माझ्या मुलीला, कुसुमला, वाचून दाखवीत होतो. सासरे आदल्या दिवशीच आले होते आणि ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांना मी मामा म्हणे. मेंढरे सोडून शेती धरलेले त्यांच्या घरातले ते पहिलेच. त्यांनी लिंबाची दोनशे रोपे लावली होती. पण नव्या विहिरीला सात परस, म्हणजे सात पुरुष उंचीइतके, खोदूनही ओल दिसेना. पाणाड्याने दुसरी जागा दाखवली होती. उन्हाळ्याआधी पाणी लागले नाही, तर रोपे जाणार होती.

“मास्तर, ह्ये खरं हाय?” मामांनी विचारले.

प्रामाणिक उत्तर एका शब्दाचे होते. परंतु लग्नाला चौदा वर्षे झाली, तरी मामांनी मला गाडीच्या वेळेपलीकडे काही विचारले नव्हते. मी चष्मा पुसला.

“मोठ्या शास्त्रीय आधारावर रचलेलं आहे, मामा.”

“खाली उजेड कुठनं येतो?”

“विजेसारखा काही प्रकार असतो.”

“आन् वाटंत खडक लागला तर?”

“फोडतात.”

“सुरुंगानं?”

“सुरुंगानंच.”

“मंग समिंदर किती खाली? आमी सात परस गेलोय.”

“त्याहून खाली,” मी म्हणालो. (हे शब्दशः सत्य होते!)

मामा दुपारच्या एस.टी.ने, जेवणासही न थांबता, परत गेले.

तीन आठवड्यांनी कार्ड आले: ‘पाणाड्याला वाटेला लावला. नववा परस चालू. समिंदराचं पाणी खारं असतं म्हणत्यात. लिंबाला चालंल का? लगोलग कळवा.’

कार्ड वाचून पत्नी म्हणाली, “माझ्या बापाच्या रानात तुमचा समिंदर कशापायी नेलात?”

“मी कुठे नेला? त्यांनी स्वतःच...”

“मग थांबवा जाऊन! रोपं जळाली तर माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ मी?”

दुसऱ्याच दिवशी, सारे कबूल करण्याचा निर्धार करून, मी केंदूरला पोहोचलो. पाहतो तर काम बंद आणि अर्धे गाव विहिरीच्या काठावर! मामांनी खोदणाऱ्यांना गोष्ट इमानाने, एकही जनावर न गाळता, सांगितली होती. त्यांचे मुकादम हुसेनभाई पुढे आले.

“मास्तर, खडकाला आपुन भीत न्हाई. पर खालनं त्ये जनावर आलं, तर पळायचं कुठं?”

“आरं, मास्तर सोता उतरत्याल की!” मामा गरजले. “त्यांनीच लिवलंय!”

नारळ फुटला. मला फेटा बांधला गेला. (जावयाला बोडक्या डोक्याने विहिरीत सोडणे आमच्याकडे बरे दिसत नाही.) आणि दगड काढायच्या पाटीत बसवून मला खाली सोडण्यात आले!

खाली सुके, कोरडे, काळे पाषाण. वर ताटाएवढे आभाळ आणि त्याच्या कडेने वीसेक डोकी.

“मास्तर, कान लावा! लाटा ऐकू येत्यात का?”

मी कान लावला. याची मला आजही सर्वांत अधिक लाज वाटते. मग, मामांच्या तोंडावर जे धैर्य झाले नव्हते, ते नऊ परस अंतरावरून झाले.

“मामा! समुद्र शेकडो मैल खाली आहे! तो आकडा मी गाळला!”

मामांचे डोके कडेवरून आणखी पुढे आले.

“आन् जनावरं?”

“ती... कल्पनेतली आहेत.”

“म्हंजी खरा आकडा गाळला, आन् नसल्याली जनावरं ठिवली?”

“होय, मामा.”

मग मामांचा आवाज आला, “हुसेनभाई, चला, च्या घिऊ. मास्तरांना बसू द्या जरा.”

त्यांचा चहा होईपर्यंत मी तळाशी बसून बालसाहित्यावर चिंतन केले.

पाणाड्याने दाखवलेल्या जागी चौथ्याच परसाला पाणी लागले, पण तोवर वैशाख सरत आला होता. सत्तर रोपे जळाली. उरलेल्यांना, पाणी लागेपर्यंत, मी उन्हाळ्याची जवळजवळ सारी सुट्टी ओढ्यातल्या डोहावरून कावडीने पाणी घातले. मामा बांधावर बसून पाहत, बोलत नसत.

श्रावणात मात्र त्यांचे कार्ड आले: ‘पावसानं तुमच्या समिंदराला गुडघाभर पाणी आलंय. जनावरं म्हणाल तर बेडकं तीन. पुस्तकात तेवढी दुरुस्ती करा.’

ती दुरुस्ती मी तत्परतेने करून ठेवली आहे. दुसरी आवृत्ती तेवढी कोणी मागितलेली नाही!