डांगराची थापी

आमची वस्ती देवगाव रंगारीच्या पुढं, पांदीनं आत गेलं की एकटीच. विजेचे खांब मोठ्या रस्त्यावरच थांबलेले. आमचं सगळं कंदिलावर, चुलीवर आणि विहिरीवर. शहरातले लोक आता असल्या राहण्याचं लई कौतुक करतात. आई तेव्हाच म्हणायची, "ज्याच्याकडं लाईटच नाय, त्याला ती जायची भीती कशाची?"

घराची मागची भिंत आईची. दोडका, कारलं, दुधी, सगळ्यांच्या बिया ती ओल्या शेणात घालून तिथं थापून ठेवायची. शेण वाळलं की बी आत सुखरूप, ना किडा ना उंदीर. पेरणीच्या वेळी थापी फोडायची. पण दंडक एकच: अर्धं पेरायचं, अर्धं भिंतीवर ठेवायचं.

मानाची थापी डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची. ते बी आईच्या ओटीतून माहेराहून आलेलं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, घरही पडून गेलेलं. डांगराचे घारगे तळले की आई म्हणायची, "खा गं, माझ्या माहेरचं हाय." आम्हाला मामा नव्हता, डांगर होतं.

संक्रांतीला बायका वाण म्हणून फण्या, प्लास्टिकच्या वाट्या लुटायच्या, आणि आमची आई बियांच्या पुड्या! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग दुष्काळ आला आणि मुक्कामालाच राहिला. दरवर्षी आई अर्ध्याचं अर्धं पेरायची आणि ते करपायचं. शेवटी भिंतीवर डांगराची एकच थापी राहिली. जनावरं चारा छावणीत गेली. शेजारच्या वस्तीवरची काकू नवऱ्याला कंपनीत काम मिळालं म्हणून वाळूजला गेली. "वाळूज माणसं गिळायला लागलंय," वडील चिडून म्हणायचे.

त्यातच वडिलांना ताप भरला. भावाला बघायला आत्या शहरातून, शहागंजातून आली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिनं भावासाठी चहा ठेवला. जनावरं नसल्यानं गोवऱ्या संपलेल्या. पण आत्या याच घरात वाढलेली, आणि तिच्या लहानपणी मागच्या भिंतीवर गोवऱ्याच असायच्या. सवयीनं हात तिकडं गेला.

आई पाणी घेऊन आली तर भिंतीवर नुसता गोल डाग.

"वन्सं, इथलं काय काढलं?"

"एक गोवरी होती की, वैनी. बरं झालं सापडली."

आईनं घागर खाली ठेवली आणि तिथंच बसली. मी धावत जाऊन चूल उकरली. बिया करपून कोळसा झालेल्या. माझं टाळकं सटकलं. "शहागंजात गॅस हाय ना तुमच्या? मग इथं येऊन आमचं घर कशाला जाळता?" मी आत्यावर ओरडले.

"गप!" आई म्हणाली. "माहेरी आलीय ती."

मग तिनं तो चहा सगळ्यांना ओतला आणि स्वतःही घेतला. तिचे डोळे वाहत होते, पण कप तिनं रिकामा केला. एवढं मोठं मन मी नंतर कुठंच पाहिलं नाही, आणि ते माझ्या आईचं होतं याचे उपकार कुणाचे मानावेत तेही मला कळत नाही.

आत्याला मात्र पाणी गोड लागेना. "वैनी, वाणाच्या पुड्या वाटल्या होत्या ना तुम्ही?" तिनं विचारलं. वडिलांचा ताप उतरल्यावर आम्ही तिघी वस्त्या पालथ्या घालायला निघालो. सगळीकडं तेच उत्तर, करपलं, नाय तर खाल्लं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "वाळूजवालीनं पुडी नेली होती बघा संगं."

आम्ही एसटीनं वाळूज गाठलं. पत्र्याच्या खोल्यांची रांग, दारात मोटारसायकली, आणि एका पत्र्यावर हिरवागार वेल! मधोमध पिकलेलं डांगर बसलेलं. आमच्या शेजारच्या वस्तीवरची ती काकू भांडी घासता घासता उठली. "अक्का, तुमचंच हाय," ती म्हणाली. "कंपनीतल्या पोरांच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढलं. हे बघितलं की वाटतं, मी वस्तीवरच हाय."

आईनं डांगराला दोन्ही हात लावले आणि हुंदकाच फुटला तिला. ज्या वाळूजला आम्ही घरात बसून शिव्या घालत होतो, त्यानंच आईचं माहेर सांभाळलं होतं. देव भलं करो त्या काकूचं आणि त्या आंघोळ करणाऱ्या पोरांचं!

काकूनं डांगर चिरलं. आईनं अर्ध्या बिया पदरात बांधल्या आणि अर्ध्या काकूपुढं सरकवल्या. "या हितंच राहू दे. एकट्या भिंतीचा भरवसा नाय," ती म्हणाली.

थापीला शेण पाहिजे. आम्ही इकडंतिकडं बघतोय तोवर आत्या गायब. थोड्या वेळानं आली ती कुणाच्या तरी गोठ्यातून, चांगल्या साडीचा पदर खोचून, दोन्ही हातांत शेण घेऊन. तिनंच बिया आत दाबल्या आणि काकूच्या दाराशेजारी जोरात थापी मारली.

मग गल्लीकडं वळून शेणाचा हात उगारत म्हणाली, "ही जर कुणी चुलीत घातली, तर माझ्याशी गाठ हाय!"

आई डोळे पुसत पुसत हसायला लागली.