आत काही बोलायचं नाही

अमेरिकेतल्या शेबॉयगन गावात घर घेणाऱ्यांच्या बाजूने उभी राहणारी एजंट म्हणून रोन्डा झील्कीचं नाव होतं, आणि ते तिने सत्तावीस वर्षं गाडीचे टायर झिजवून कमावलं होतं. विकणाऱ्याचा एजंट वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा, हे ती नव्या माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात टेबलाशी बसून समजावायची. "मी तुमची. तुमचं गुपित माझ्या पोटात राहणार. मला जे कळेल ते तुम्हाला सांगणार, मग त्यात माझं नुकसान का होईना." मग कराराच्या कागदावर सही, आणि शेवटी ठरलेली ताकीद. "घर बघताना आत काही बोलायचं नाही. आजकाल घरमालक फळीवर कॅमेरे ठेवतात, आणि त्यांना कानही असतात. जे बोलायचं ते गाडीत."

गाओनू थाओच्या टेबलाशीही हे सगळं झालं. गाओनू शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या म्हाताऱ्या आईला मोंग सोडून दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून लेक एकेक वाक्य तिला सांगत होती. म्हातारीने एकच विचारलं.

"म्हणजे ही बाई दुसऱ्या बाजूला आपलं काहीच सांगणार नाही?"

"काहीच नाही," रोन्डा छातीवर हात ठेवून म्हणाली. म्हातारीने तिला डबा भरून एगरोल दिले.

थाओ मायलेकींचं भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि म्हातारीचे गुडघे जिन्याला वैतागले होते. त्यात मालकाने जूनअखेर जागा खाली करायला सांगितलेली. एकोणीस घरं बघून झाली. विसावं बैठं निघालं. झोपायची खोली खालीच, मागे परसात दिवसभर ऊन. म्हातारी खोल्याखोल्यांतून हसत फिरली, खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला, कोथिंबीर कुठे लावायची ते लांबूनच बोटाने दाखवलं. गाओनू मात्र स्वयंपाकघरात चुळबुळत उभी. घेऊ की नको, घेऊ की नको.

रोन्डाला पुढे दुसरीकडे जायचं होतं. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं आणि डोकं तापलं होतं.

"अगं, जूनअखेर तुम्ही रस्त्यावर येणार आहात," ती फटकन म्हणाली. "कशाचीही दुरुस्ती निघो, तुला हे घ्यावंच लागेल!"

बोलून झाल्यावर तिला फळीवरच्या कॅमेऱ्याचा इवलासा हिरवा दिवा दिसला. तिने जीभ चावली. घरमालकांना दिवसभर ऐकत बसायला वेळ थोडाच असतो, असं स्वतःला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

शेवटी गाओनूने किंमत कळवली आणि घराच्या मालकांनी होकार दिला. मग तपासणीसाने घर तपासलं, तर घर तापवणारी तळघरातली भट्टी आतून तडकलेली. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात तसल्या भट्टीवर राहणं म्हणजे जिवाशी खेळ. ती बदलून द्या, असं रोन्डाने कळवलं. दुसऱ्या बाजूच्या एजंटाचा, गॉर्डी थीलचा, फोन आला.

"नाही बदलणार म्हणतात," तो मजेत म्हणाला. "तुझी मंडळी जूनअखेर रस्त्यावर येणार, कशाचीही दुरुस्ती निघाली तरी घेणारच, असं त्यांना पक्कं ठाऊक आहे. कुठून कळलं मला विचारू नकोस बाई."

विचारायची गरजच नव्हती. शब्द तिचेच होते.

गाओनूला तिने एवढंच सांगितलं की, हे घर तुम्हाला हवंच आहे हे त्यांना कळलंय. खोटं त्यात काही नव्हतं. तेच वाईट.

"आईच!" गाओनू कपाळावर हात मारून म्हणाली. "भाषा कळली नाही म्हणून काय झालं, कॅमेऱ्यात तोंड तर दिसलं! खिदळत होती, खिडक्या कुरवाळत होती. किती वेळा सांगितलं तिला!"

इथे रोन्डाने बोलायला हवं होतं. जिथे गप्प बसायचं तिथे ती बोलली आणि जिथे बोलायचं तिथे गप्प बसली. भट्टीचा खर्च झेपणार नव्हता, त्यामुळे गाओनूने ते घर सोडून दिलं. शुक्रवारी गावच्या रिवाजाप्रमाणे रोन्डासमोर तळलेला मासा आला, तोही तिला गिळवेना. स्वतःच्या तोंडाची तिला मनापासून लाज वाटत होती.

पुढच्या मंगळवारी एकविसावं घर. रिकामंच होतं. रोन्डा पायरीवर किल्ली घेऊन थांबली, पण म्हातारी गाडीतून उतरेना. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली.

"तिला राहू दे," गाओनू म्हणाली. "म्हणते, मी आत आले की घर हातचं जातं."

रोन्डा पायरी उतरली. ती परत गाडीशी आली आणि खिडकीत वाकली.

"गाओनू, तिला सांग. तिने काही केलं नाही. रस्त्यावर याल, घ्यावंच लागेल, हे त्या स्वयंपाकघरात मी बोलले. त्यांनी ते ऐकलं. गॉर्डीने माझेच शब्द मला ऐकवले आणि मी तुला सांगितलं नाही. तुला आईला बोल लावू दिला."

"आठ दिवस," गाओनू हळू म्हणाली. "आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही."

"आपला कागद मोडता येतो. माझ्या ऑफिसला दोन ओळी लिही, मी अडवणार नाही. दुसरा चांगला माणूसही सांगते."

गाओनू आईकडे वळली. बराच वेळ बोलली, मध्ये तिचा आवाज चिरकला. म्हातारीने लेकीचा हात थोपटला, दार उघडून सावकाश उतरली आणि रोन्डाकडे बघून चार शब्द बोलली.

"काय म्हणाल्या?"

"कागदाचं मग बघू म्हणते," गाओनू म्हणाली. "आम्ही दोघी आत जातो. तुम्ही गाडीत बसा."

रोन्डाने किल्ली दिली आणि म्हातारीच्या ऊबदार जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने घराची खिडकी उघडली. आतून म्हातारीचा आवाज येऊ लागला, खणखणीत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत.