आधी गुळणी

घसा बघण्याआधी वामनराव डॉक्टर रोग्याला पाण्याचा पेला द्यायला लावत. "आधी गुळणी कर." त्याला कारण होतं.

विषाणूंच्या तापावर पेनिसिलीन चालत नाही, जिवाणूंनी पिकलेल्या घशाला मात्र ते लागतंच, हे ते सांगून सांगून थकले होते. "नाक वाहते, खोकला हाये? घरी जाऊन झोप. नाक कोरडं, ताप सणसणीत, गळ्याले गाठी, घशात पांढरं? मंग सुई." लोकांनी त्यातलं पांढरं तेवढं उचललं. सुई न देणारा डॉक्टर कसला! मग घसा पांढरा दिसावा म्हणून लोक दही खाऊन येऊ लागले. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा. नांदुऱ्याच्या त्यांच्या दवाखान्यात मी नर्स होते आणि पेला देणं माझं काम.

त्या थंडीत सर्दीतापाची साथ आली. रांग रस्त्यापर्यंत. दुपारी हंडा संपला, आडावर जायचा मला कंटाळा आला. तेवढ्यात वडनेर भोलजीची एक बाई आपल्या पोरीला, शेवंतीला, घेऊन आली. घशात बघून डॉक्टर वैतागले.

"काऊन वो बाई, दही चारलं ना हिले?"

"हाव साहेब, दोन घास. सुई द्यान म्हणून."

"घेऊन जा घरी."

दिवेलागणीला हात धुताना ते थांबले. "नर्सबाई, त्या पोरीचं नाक वाहत होतं?"

"नाही. खोकलीही नाही. आणि मी गुळणी दिली नव्हती."

"गुळणी तं म्याच मागाले पाह्यजे होती," एवढंच म्हणून त्यांनी पेटी सायकलला बांधली आणि वडनेरला गेले. दही खरं होतं, त्याखालचा पूही खरा होता. पोरीला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. ते रोज जाऊन सुई देत राहिले. शेवंती वाचली.

पुढच्या आठवड्यात निम्मं वडनेर रांगेत, नाकं वाहत. "साहेब, तिले घरी येऊन सुई देली, आमाले काऊन नाही?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, "नर्सबाई, पेला."

तेव्हापासून मी कुणालाही गुळणीवाचून पुढे सोडलं नाही. बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, घसा बघायला मीच बसले होते. पेला पुढे केला.

"मले बी?"

"सगळ्यांना."

त्यांनी निमूट गुळणी केली.