त्रेसष्ट टर्नची चिठ्ठी

नेमसिंग राठोड आमच्या वारंगा फाट्यावर मोटारी भरायचे. विहिरीतली नाहीतर बोअरची मोटर जळाली की तिची जुनी तार उपसायची आणि नवी तार भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. तांड्यावरची सातवीपर्यंतची शाळा, पन्नाशीला आलेलं वय, आणि बोलणं इतकं कमी की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, मामा रागावलेत. खरी रागीट मी. त्यांच्या दुकानासमोर माझं एसटीडी बूथ होतं आणि २००४ साली मी त्यात दोन कॉम्प्युटर बसवून इंटरनेट सुरू केलं होतं. दहावी-बारावीच्या निकालाला झुंबड उडायची, एरवी मी माशा मारत बसायची.

मामा पहिल्यांदा आत आले ते एका परदेशी मोटारीचं कोडं घेऊन. तिची जुनी तार वितळून गोळा झाली होती, त्यामुळे एका खाचेत किती वेढे होते ते मोजता येईना. वेढ्याला ते टर्न म्हणायचे. मी शोधशोध करून मोटर भरणाऱ्या लोकांची एक फोरम काढली. कुणी तिथं प्रश्न टाकायचा, ज्याला माहीत असेल त्यानं खाली उत्तर लिहायचं. सगळा कारभार इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत. आम्ही प्रश्न टाकला आणि तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, टर्नसकट.

मामा पडद्याकडे बघतच राहिले.

"ह्यो माणूस कोण हाय, ताई?"

"काय माहीत? असेल कुणीतरी."

"वळख न्हाई, पाळख न्हाई. मंग सांगितलं काहून?"

मला खरंच तो प्रश्न कधी पडला नव्हता. मोटर चालली, आणि त्या दिवसापासून दर रविवारी मामा दुसऱ्यांना उत्तरं द्यायला येऊ लागले. ते मराठीत सांगायचे, मी हिंदी करून टाकायची.

आता त्यांची तऱ्हा सांगते. दुकानात मोटर आली की मामा तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी तांब्याच्या तारेनं बांधत. गिऱ्हाईक घरी जाऊन, मोटर विहिरीत सोडून, पाणी आलं म्हणून सांगत नाही तोवर चिठ्ठी दुकानातल्या खिळ्यावर लटकत राही. तो सांगून गेला की मामा चिठ्ठीच्या मागे 'चालली' असं लिहून ती डब्यात टाकत. आणि फोरमवर दिलेल्या प्रत्येक उत्तराचीही त्यांनी अशीच चिठ्ठी केली. विचारणाऱ्याचं नाव, तारीख, सांगितलेले टर्न, आणि वरच्या पट्टीत त्या पानाचा जो लांबलचक आकडा दिसतो तोसुद्धा. उत्तर दुकानातच चिठ्ठीवर लिहून आणायचं, मी टाकलं की खिळ्यावर लटकवायचं.

मी हसायची. "मामा, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये राहतंच की."

"मोटर बी दुकानातच राहते, ताई. पर चिठ्ठी नसली तर कोणाची कोणाला जाईल."

दोन वर्षांत खिळे कमी पडले. भिंतीला आडवी तार ओढून तिच्यावर चिठ्ठ्या टांगल्या. लोक विचारायचे, एवढ्या मोटारी कुठं आहेत? मामा नुसते हसायचे.

२००६ च्या उन्हाळ्यात राजस्थानातल्या किसनसिंग नावाच्या माणसाचा प्रश्न आला. त्यानं गावात नवं दुकान टाकलं होतं आणि ही त्याची पहिलीच मोटर होती. गावात कुणाचा भरवसा नाही, ही जळाली तर दुसरी कुणी आणणार नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मामांनी चिठ्ठीवरून वाचून उत्तर सांगितलं, मी टाकलं. अकराला लाईट जायची होती, म्हणून मी घाईत होते आणि वर मामांवरच खेकसले, "लवकर सांगा ना, तुमची आपली कासवाची चाल."

पाच आठवडे झाले, चिठ्ठी तशीच लटकलेली. सहाव्या रविवारी मामा ती काढून घेऊन आले. "ह्या पोराचं काई आलं न्हाई. आपलं उत्तर जरा वाचून दावा बरं."

चिठ्ठीवरच्या आकड्यावरून पान लगेच सापडलं. मी वाचलं. "एका खाचेत छत्तीस टर्न."

मामांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर ठळक लिहिलं होतं, ६३.

त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी म्हणतो आणि साठ नंतर. घाईत माझ्या बोटांनी तोंडाचं ऐकलं होतं. तीन आधी, सहा नंतर. त्रेसष्टच्या जागी छत्तीस टर्न भरले तर मोटर बटण दाबताच जळते, एवढं मामांच्या समोर बसून मलाही कळायला लागलं होतं. कुणाच्या तरी पहिल्या मोटारीची मी राख केली होती.

जुनं उत्तर आता खोडता येईना, त्याची मुदत संपली होती. मामा म्हणाले, "खाली लिवा. चूक झाली, त्रेसष्ट पाहिजेत. मोटर जळाली असंल तर तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, चूक नेमसिंगची हाय."

"मामा, चूक माझी आहे."

"नाव माझं हाय तिथं."

मी लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले ते त्यांनी बघितलं नाही, किंवा बघून बघितलं नाही असं केलं.

मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यात बी झालं असंल का?" पान चाचपडताना मला कोपऱ्यात एक बटण दिसलं, 'तुमची उत्तरं'. दोन वर्षं ते तिथंच होतं. दाबलं तर मामांची सगळी उत्तरं एकाखाली एक उलगडत गेली. हे चुकीचं धरून एकशे बेचाळीस. मामा खुर्चीत जरा मागे सरले. "हे समदं मी बोललो?"

पुढचे तीन रविवार आम्ही तेच केलं. मामांनी तारेवरच्या आणि डब्यातल्या चिठ्ठ्या पिशवीत भरून आणल्या. मी पडद्यावरचा आकडा वाचायची, ते चिठ्ठीवर बोट ठेवून "बराबर" म्हणायचे. एकशे एकेचाळीस वेळा बराबर. आकडे असेच जुळत गेले आणि मी थक्क होत गेले. ज्यांना कधी बघणार नाही अशा एकशे बेचाळीस माणसांना हा माणूस दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखं सांभाळत आला होता, आणि मी समोर बसून हसले होते.

चौथ्या रविवारी किसनसिंगचं उत्तर आलेलं होतं. मी मामांना हाक मारली. ते हात पुसत रस्ता ओलांडून आले आणि उभेच राहिले. मी मराठी करून वाचलं:

"चाचा, मोटर चालू आहे. तुमचं प्रत्येक उत्तर मी शहरातून छापून आणतो आणि नंबर घालून फाईलला लावतो. एकोणनव्वद नंबरच्या उत्तरात तुम्ही ह्याच मापाच्या मोटारीला त्रेसष्ट सांगितलं होतं, तरी पहिलीच मोटर म्हणून खात्रीसाठी विचारलं. म्हणून छत्तीस वाचलं तेव्हाच ओळखलं की आकडा उलटा पडला, आणि त्रेसष्टच भरले. मोटर चालली हे लिहायचं होतं, पण ते लिहायचं तर तुमची चूकही लिहावी लागली असती. गुरूची चूक चारचौघांत कशी दाखवायची? म्हणून गप्प बसलो."

मामांनी ते मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. नंतर खाली बसले आणि म्हणाले, "म्हंजे तिकडं बी माझ्या चिठ्ठ्या लटकून राहिल्यात."

खिशातून त्यांनी ती चिठ्ठी काढली, माझं पेन घेतलं आणि मागे 'चालली' लिहिलं. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते, कारण त्या दिवशी आणखी एक प्रश्न होता, हैदराबादकडच्या कुणाचा. मामांनी चष्मा लावला आणि ते आकडा सांगू लागले.

"चार लिवा," ते म्हणाले. मी चार दाबला.

"आता आठ."

तेव्हापासून मामांनी मला 'अठ्ठेचाळीस' असा अख्खा आकडा कधी सांगितला नाही.