खोडरबरवाल्या जानकीबाई

मुलुंडच्या त्या वाचनालयात जानकीबाईंना एका कामाचा मनस्वी तिटकारा होता, आणि नेमकं तेच एकोणीस वर्षं त्यांच्या गळ्यात पडलं होतं. परत आलेल्या पुस्तकांतली वाचकांची मतं खोडायची. आपल्या लोकांना पुस्तक वाचून गप्प बसवतं कुठे! कुणी शेवटच्या पानावर 'भिकार पुस्तक, वाचू नये' लिहितो, तर त्याखाली दुसरा 'तूच भिकार' असं ठोकून देतो. ग्रंथपाल अण्णांचा नियम कडक होता. पुस्तकात लिहिलंत, की नाव कमी. जानकीबाई खोडरबर घासत पुटपुटायच्या, "मेल्यांनो, घरी वह्या नाहीत काय रे?"

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात एका नव्या कादंबरीवर पोरांच्या उड्या पडल्या. शहरातला मुलगा कोकणातल्या निर्मनुष्य बेटावर अडकतो आणि एकवीस दिवस एकटा तगून राहतो. नंबर लावून पुस्तक जात होतं. जानकीबाई शाळेत चौथीपर्यंतच गेलेल्या, पण इथे राहून पट्टीच्या वाचक झालेल्या. शिवाय जन्म मालवणकडे, समुद्राच्या काठावर. दुपारी दार लोटून त्यांनी ते पुस्तक कौतुकाने उघडलं.

दहाव्या पानावरच त्यांचं डोकं फिरलं. पोरगा बोटभर चाकूने नारळ सोलतो! "ये, सोल बघू माझ्यासमोर," जानकीबाई पुस्तकालाच म्हणाल्या. पुढे तो खडकाला चिकटलेली, धारदार शिंपल्यांची कालवं बोरांसारखी वेचतो. अरे, हाताची सालटी निघतात! पण ह्याला ना खरचटतं, ना रडू येतं. लेखकमहाशयांनी समुद्र बहुतेक चौपाटीवर भेळ खाताना पाहिला असावा.

आणि मग त्र्याऐंशीवं पान आलं. नायकाने रुमाल चारपदरी केला, त्यातून समुद्राचं पाणी गाळलं आणि ते गोड पाणी पोटभर प्याला.

जानकीबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

त्या चौदा वर्षांच्या असतानाची गोष्ट, बहीण मालन नऊची. बापाने दोघींना होडीतून खडकाळ बेटावर कालवं काढायला सोडलं आणि तो जाळं टाकायला पुढे गेला. होडी उलटली. बाप बुडाला, आणि पोरी कुठे आहेत ते सांगणारं कुणी उरलं नाही. वैशाखातलं ऊन, आणि मालनचा पाण्यासाठी आकांत. घरी आई विहिरीचं पाणी फडक्यातून गाळूनच कळशीत ओतायची. गाळलेलं पाणी चांगलं, एवढंच जानकीला ठाऊक. तिने परकर फाडला, चार पदर केले आणि ओंजळ ओंजळ समुद्र गाळला. थेंबन् थेंब मालनला पाजला.

"खारट लागतां गो," मालन म्हणाली.

"पी गो, गाळलेलां आसा," जानकीने दटावलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावची होडी आली. तोवर मालन तडफडून गेली होती. पाणी कुणी पाजलं, हे जानकीबाईंनी पुढे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

आणि हा शहाणा ते छापतो? मुलुंडमध्ये घरोघर नळाला फडकं बांधलेलं. ही पोरं खरंच मानणार! जळलं मेल्याचं लिहिणं! जानकीबाईंनी अण्णांच्या टेबलावरचं पेन उचललं.

चार वाजता अण्णा आले. ते पान बघून त्यांचा आवाज चढला. "जानकीबाई! तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर आजच्या आज काढलं असतं मी! खोडा ते आधी."

"ह्यां मी पुसूचंय नाय," जानकीबाई कडाडल्या. रागावल्या की मालवणीच तोंडात यायची. "पेनाने लिहिलंय अण्णा, जाणार नाही. नोकरी घ्या हवी तर. आधी वाचा."

अण्णांनी चष्मा लावला. समासात मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे खोटं आहे. समुद्राचं पाणी गाळून गोड होत नाही. मी माझ्या बहिणीला असंच पाजलं. ती मेली. तिचं नाव मालन. — जानकी.'

एवढ्यात नंबर लागलेली जयंती, सातवीतली मुलगी, चिठ्ठी नाचवत आली. अण्णांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि ते तिच्या हातात दिलं.

"कसं आहे हो, मावशी?" जयंतीने विचारलं.

"भिकार," जानकीबाई म्हणाल्या. "पण त्र्याऐंशीवं पान दोनदा वाच."