दूर उभी असलेली बाई

पिपरी मेघेत एका सभागृहाच्या भिंतीवर मी जुन्या गावाचं चित्र रंगवत होतो. विहिरीवर पाणी भरणाऱ्या पाच बाया, आणि जरा लांब, रिकामी घागर घेऊन उभी सहावी. कामावरून परतताना एक पन्नाशीची बाई रोज तिथे थांबायची, पदराने तोंड पुसत चित्र बघायची आणि निघून जायची. त्या दिवशी ती सरळ शिडीपाशी आली.

"भाऊ, हे बाई दूर काऊन उभी केली?"

"चित्राला तोल यावा म्हणून," मी म्हणालो.

"माह्या आजीलेही विहिरीवर असंच दूर उभं ठेवत. गावाचा तोल जाईन म्हणून."

तिचा आवाज चढला नव्हता. मी घाईघाईने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. तिने शिडी गच्च धरली.

"पुसू नका. असंच होतं ते."

"मग काय करू?"

"त्या पाच जणी तिच्याकडे पाहून नाई राह्यल्या. त्यायचे तोंडं फिरवा."

पाचही चेहरे मी सहावीकडे वळवले. त्यांच्या डोळ्यांत काय असावं, हे मात्र मला तीन दिवस ठरवता आलं नाही.