आकाशातले जकात नाके

विमानाचा आवाज आला की आमच्या गल्लीत सगळ्यांच्या माना वर जायच्या. पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, ओट्यावर सूत उकलत बसलेल्या बायकांच्या, आणि खोटं कशाला बोलू, माझीही. मान वर करायचा नाही तो एकटा. तो डोळे मिटायचा, एक बोट उभं धरायचा, आवाज पार विरेपर्यंत तसाच थांबायचा आणि मग निकाल द्यायचा, "हे आपलं न्हाय. मद्रासला चाललंय."

'आपलं' म्हणजे इराणला जाणारं. मुंबईहून पश्चिमेला निघालेलं विमान सोलापूरवर कशाला येईल, हे मी भूगोलाचा मास्तर त्याला दोन-तीनदा समजावून थकलो. त्याला ते ठाऊक नव्हतं असं नाही.

"ठावं हाय की मास्तर," तो म्हणायचा, "पर वळसा घालून आलं तर?"

आमची गल्ली साखर पेठेजवळची. दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळे आम्ही सगळेच थोडे मोठ्यानं बोलतो. त्याचं घर माझ्या दारासमोर होतं. घर म्हणजे पुढे चादरींचे माग आणि मागे माणसं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. कारखाना थोरल्या भावाचा, आणि शब्दही थोरल्याचाच. हा धाकटा चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका एजंटामार्फत इराणातल्या कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणून गेला होता. जनता राजवटीच्या दिवसांतली एक दिवाळी धरून तो महिन्याच्या रजेवर आला. परतीचं तिकीट खिशातच होतं. येताना ट्रान्झिस्टर आणला, पिस्ते आणले, गल्लीतल्या प्रत्येक घरी मूठमूठ वाटले, आणि गल्लीनं त्याला 'इराणवाले' करून टाकलं.

आल्या दिवशीच एक गंमत झाली. म्हणजे आम्ही तिला गंमत म्हटलं. तो गेला तेव्हा त्याची मुलगी चिन्नी पाळण्यात होती. बाहेरगावहून खाऊ घेऊन येणारा आणि चार दिवसांत परत जाणारा पुरुष म्हणजे मामा, एवढं तिला कळत होतं. तिनं पिस्ते घेतले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, कवा जानार?" वडिलांना तेलुगूत नान्ना म्हणतात. चिन्नीचा नान्ना म्हणजे थोरला काका, कारण घरातली बाकीची पोरं त्यालाच तसं म्हणायची. सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला तो हा. मग मागाचा दोरा तुटलाय म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

जायची तारीख आली तेव्हा तिकडे राजाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. याला त्याचं काय! बायकोनं तळहातावर दही दिलं, गल्ली टांग्यापर्यंत गेली, मी स्टेशनापर्यंत. दोन दिवसांनी गडी ट्रंकेसकट परत. तिकडचा विमानतळ बंद, विमानं रद्द. इराणसाठी बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी आम्ही त्याच्याच ओट्यावर बसून खाल्ली.

"विमानतळ बंद असेल, पण आकाश कुठं बंद होतं?" मी म्हणालो. मास्तरकीची खोड.

"होतंय की! आकाशात बी जकात नाके असतेत मास्तर. दिसत न्हाईत यवडंच."

मग त्यानं ओट्याच्या भिंतीवर नकाशा केला. कागदाचा नव्हे, सुताचा. मुंबईला एक खिळा, तेहरानला एक, मध्ये कराचीला, मस्कतला, दुबईला. वाया गेलेल्या लाल सुताचा धागा मुंबईहून तेहरानपर्यंत ताणून बांधला. पहिल्यांदा तो गेला तेव्हा आपल्या विमानांना पाकिस्तानावरून जायची बंदी होती, तर धागा समुद्रावरून कसा ओढून न्यायचा, ते त्यानं दाखवलं. पुढे ती बंदी उठली, धागा सरळ झाला. रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की ट्रान्झिस्टर कानाला लावून तो धागा सोडायचा, दुसऱ्या खिळ्याला वळसा घालायचा, आणि शेवटी तेहरानच्या खिळ्यापाशी टोक लोंबतं ठेवायचा. मी वर्गात नकाशे टांगून टांगून जे शिकवू शकलो नाही ते गल्लीतल्या पोरांना त्या भिंतीवर पाठ झालं.

"पर भांडन खाली चाललंय, वरच्याला काय तरास?" एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलं.

"चूल खालीच असती की आज्जी," तो म्हणाला. "धूर कुटं जातोय?"

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आली आणि गेली. हा दुसऱ्यांदा मुंबईला जाऊन दुसऱ्यांदा परत आला. आता गल्ली टांग्यापर्यंतसुद्धा गेली नाही. तो मात्र कुणीही भेटलं की तेच सांगायचा, "चार दिवसांचा पाव्हना हाय मी." ट्रंक उघडायची नाही, शर्ट खुंटीला लावायचा नाही, काढायचा, धुवायचा, वाळला की परत ट्रंकेत. आपल्याच घरात तो वेटिंग रूममध्ये बसल्यासारखा बसायचा. थोरला काही वाईट माणूस नव्हता, पण बसून खाणारा भाऊ किती दिवस बघणार? एक दिवस म्हणाला, "पाव्हन्यानं मागाकडं जरा बगितलं तर पाप लागनार न्हाय."

तो मागाकडे बघू लागला. हातात जादू होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. महिनोन् महिने कुथत चालणारा माग त्यानं एका दुपारी गाता केला. मग त्यानं चादरीसाठी एक नवी नक्षी काढली, इराणी बागेसारखी, मध्ये पाण्याचा पाट आणि दोन्ही अंगांना झाडं. थोरल्यानं ती हातात धरली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "गिऱ्हाईक मोर मागतंय. मोर काढ."

त्यानं मोर काढला. संध्याकाळी ओट्यावर मला म्हणाला, "तितं मला उस्ताद म्हनतेत मास्तर. चाळीस माग माज्या हाताखाली. हितं मी तम्मुडू." तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. "केस पांढरे झाले तरी तम्मुडू."

मला फार वाईट वाटलं. सोलापुरात राहून त्याला थोरल्याच्या हाताखालून सुटका नव्हती, आणि सुटकेची एकच वाट होती ती वरून जात होती.

दर सोमवारी नवरा-बायको सिद्धेश्वराला जायचे. तो नवस बोलला होता, विमान सुरू होऊ दे, नारळांचं तोरण बांधीन. तो देवापुढे मोठ्यानं मागायचा, मागांच्या सवयीनं. शेजारी त्याची बायको, आमच्या वहिनी, डोळे मिटून, ओठ हलवत उभ्या. "ती बी मागतीया माज्यासाटी," तो कौतुकानं सांगायचा. "दोगांनी मागितल्यावर देव कवर न्हाय म्हनंल?"

आणि या सगळ्या रखडण्यात, कुणाचं लक्ष नसताना, एक गोष्ट होत होती. चिन्नी त्याच्या मांडीवर बसून धाग्याच्या गाठी मारायला शिकली. त्याच्या ताटात जेवू लागली. एकदा भर दुपारी ती ओट्यावरून खाली पडली, गुडघा फुटला आणि "नान्ना!" म्हणून तिनं किंकाळी फोडली. आतून थोरला धावत आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि दोन्ही हात याच्याकडे पसरले. याला आधी कळेचना. मग त्यानं तिला उचललं आणि गल्लीत सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. थोरल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. दारात उभ्या असलेल्या वहिनी मात्र हसत होत्या. आता हा राहतो, असं आम्ही सगळे धरून चाललो.

विमानं सुरू झाल्याची बातमी त्यानंतर थोड्याच दिवसांनी आली. तिकडे राज्य पालटलं होतं, पण गिरणी चालू होती आणि जॉबर हवा होता. त्यानं भिंतीवरचा धागा मुंबईहून तेहरानपर्यंत सरळ ताणला आणि नुसता बघत राहिला.

"थांबा की," मी म्हणालो. "पोरगी आत्ता कुठं लागली तुम्हाला."

त्यानं धाग्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. मग म्हणाला, "मास्तर, इतके दिवस मी अडकलो म्हनून सांगत आलो. आता वाट उगडल्यावर बी बसून राहिलो, तर मी अडकलो नव्हतोच, नुसता बसलो होतो असं हुईल. एक साल जातो. आल्यावर सवताचे दोन माग टाकतो, बागेची चादर काडतो."

तो गेला. चिन्नी झोपेत असताना गेला, ते एक बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. तोरणाचं काम वहिनींवर सोपवून गेला होता, त्यांनी ते मुकाट्यानं बांधलं. सुरुवातीला पत्रं यायची; साल भरलं तेव्हा, अजून थोडे महिने थांबतो, असं एक आलं. पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता त्या देशाची शेजारच्या देशाशी लढाई जुंपली आणि पत्रं थांबली. थोरला मुंबईला त्या एजंटाकडे दोन खेपा घालून आला. पुढे दोन वर्षांनी मी ती गल्ली सोडली, तोवर तरी त्याचा पत्ता नव्हता.

लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात एका सोमवारी मला वहिनी देवळाच्या वाटेवर भेटल्या. दोन्ही बाजूंना तळ्याचं पाणी, चिन्नी कठड्याशी उभी राहून मासे बघत होती. काही कळलं का, असं मी विचारलं.

"थोरले जाऊन आले की. तिकडचं आकाश बंद हाय म्हनतेत. कोन येत न्हाय, कोन जात न्हाय." त्या दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. "तुमाला एक सांगू का मास्तर? कुनाला बोलू नका. मागं हे हितं अडकल्ते तवा ते मागायचे, विमान सुरू कर म्हनून. मी शेजारी हुबी राहून मागायचे, बंदच ऱ्हाऊ दे म्हनून."



"देवानं माजं ऐकलं बगा," त्या म्हणाल्या. "ऐकलं, पर ते तितं गेल्यावर."

देवाचं असं काही नसतं वहिनी, लढाया राजे लोक करतात, आकाश सरकारं बंद करतात, असं मी काहीबाही बोललो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, मास्तरांचं ऐकून घ्यायचं असतं तसं. मग मी विचारलं, आता काय मागता?

त्यांनी चिन्नीला हाक मारली, तिचा हात धरला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"आता ते मागत होते तेच मागते," त्या म्हणाल्या. "त्येंच्यासारकंच, मोठ्यानं."